पहिला कप: मॉर्मन चर्च सोडल्यावर कॉफी इतकी जड का जाते?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

इयरफोन लावलेत ना? नसतील तर वाचा, त्यासाठीच हा मजकूर आहे.

आजचा विषय कॉफी. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. कुठल्या दुकानात चांगली मिळते वगैरे त्यातलं हे नाही. मला सांगा, तुम्ही आयुष्यातला पहिला चहा कधी प्यायलात? मला तर आठवत नाही. आजोबांच्या बशीत उरलेला घोट, त्यात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट, अशी कुठूनतरी सुरुवात झाली आणि मग झालीच. पहिली कॉफी बहुतेक बारावीच्या अभ्यासाला, साखर आणि इन्स्टंट पावडर चमच्याने फेटून फेटून. आपल्यापैकी कुणी तारीख लिहून ठेवलेली नसते.

पण जगात अशी माणसं आहेत ज्यांना पहिल्या कॉफीची तारीख, वार, दुकान आणि कपाचा रंगही आठवतो. वय पंचवीस, तीस, कधी कधी पन्नाससुद्धा. आणि तो कप हातात घेताना त्यांचे हात थरथरलेले असतात. मी 2017 ते 2019 अशी दोन वर्षं अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत मास्टर्सला होते. तिथे माझ्या लॅबमधली एक मैत्रीण या सगळ्यातून गेली. तिची परवानगी घेऊन, नाव न सांगता, तिच्या काही गोष्टी आज सांगणार आहे. पण आधी हा नियम आला कुठून ते बघू, कारण ती गोष्टच भारी आहे.

धर्माचं पूर्ण नाव लांबलचक आहे: चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक मॉर्मन म्हणतात. 2018 मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं की हे टोपणनाव वापरू नका, पूर्ण नाव घ्या. मला ते मान्य आहे, पण दर वाक्यात एवढं नाव घेतलं तर हा भाग दोन तासांचा होईल. म्हणून आज मॉर्मन किंवा नुसतं चर्च. स्थापना 1830, न्यूयॉर्क राज्यात. संस्थापक जोसेफ स्मिथ. आज जगभरात 1 कोटी 70 लाखांहून जास्त सभासद.

1833 साली हे लोक ओहायो राज्यातल्या कर्टलंड नावाच्या गावात होते. तिथे नुएल व्हिटनी यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत चर्चमधले पुरुष शिकायला जमायचे. जमले की पाइप पेटवायचे, तंबाखू चघळायचे आणि थुंकायचे. कुठे? जमिनीवर. ब्रिगहॅम यंग या नेत्याने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आठवणीनुसार ती जमीन साफ करायचं काम जोसेफची बायको एमा हिच्याकडे होतं आणि ती वैतागली होती. (आपल्याकडच्या जिन्यांचे कोपरे डोळ्यांसमोर आणा. लगेच कळेल बाईचं दुःख.) त्या धुराने, त्या घाणीने आणि बायकोच्या तक्रारीने जोसेफने देवाला विचारलं आणि 27 फेब्रुवारी 1833 रोजी त्याला दैवी संदेश मिळाला, असं चर्च मानतं. या संदेशाला ते ‘वर्ड ऑफ विज्डम’ म्हणतात. शहाणपणाचा शब्द म्हणा हवं तर.

त्यात काय आहे? दारू नको. तंबाखू नको, ती फार तर जखमांना आणि आजारी गुराढोरांना. मांस जपून खा, शक्यतो थंडीत किंवा दुष्काळात. धान्य, फळं, पालेभाज्या चांगल्या. आणि ‘हॉट ड्रिंक्स’, म्हणजे उष्ण पेयं, शरीरासाठी नाहीत. बघा, कॉफी हा शब्दच त्यात नाही. चहाही नाही. आणि हा संदेश सुरुवातीलाच सांगतो की ही सक्तीची आज्ञा नाही, हा सल्ला आहे.

यात जगावेगळं असंही फारसं नव्हतं. 1830 च्या दशकात अमेरिकेत दारूबंदीची चळवळ जोरात होती आणि सिल्व्हेस्टर ग्रॅहमसारखे लोक चहा-कॉफी-मांस सोडा म्हणून भाषणं देत फिरत होते. मग उष्ण पेयं म्हणजे काय, हे 1842 मध्ये जोसेफचा भाऊ हायरम स्मिथ याने स्पष्ट केलं: चहा आणि कॉफी. तरीही लोक पीत होतेच. 1845 मध्ये पश्चिमेकडच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांसाठी सामानाची जी यादी छापली गेली, त्यात पीठ, बंदूक, मीठ यांच्याबरोबर चहा आणि कॉफीही होती! दोन वर्षांनी, 1847 मध्ये, हेच लोक बैलगाड्या घेऊन यूटाच्या खोऱ्यात पोचले. मधली काही दशकं नेते रागवायचे, लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन किटली चुलीवर ठेवायचे.

नियम घट्ट झाला विसाव्या शतकात. हेबर जे. ग्रँट अध्यक्ष असताना, 1921 च्या सुमारास, मंदिरात जायचं असेल तर हे पथ्य पाळलंच पाहिजे अशी अट आली. का? काही इतिहासकारांचं म्हणणं मला पटतं. 1890 मध्ये चर्चने नवी बहुपत्नी लग्नं थांबवल्याची घोषणा केली. तोपर्यंत मॉर्मन माणूस वेगळा ओळखू यायचा तो मुख्यतः त्यामुळे. ती खूण गेली. मग आपण वेगळे आहोत हे रोजच्या रोज, शेजाऱ्यासमोर, ऑफिसात कशाने दाखवायचं? दारू न पिणारे बाकी पंथांतही होते, शिवाय 1920 पासून अमेरिकेत दारूबंदीच लागू झाली होती. पण सकाळी कॉफीला नाही म्हणणारा अमेरिकन? तो लगेच उठून दिसतो.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. कॅफिन वाईट म्हणून कॉफी बंद असेल ना? इथे गंमत सुरू होते. हॉट चॉकलेट चालतं. ते गरम असतं. कोल्ड कॉफी चालत नाही. ती थंड असते. म्हणजे तापमानाचा संबंध नाही. मग कोक? यावर अनेक वर्षं घराघरात वाद होता. 2012 मध्ये चर्चने जाहीर केलं की कॅफिन असलेल्या सॉफ्ट ड्रिंक्सना बंदी नाही. मी तिथे पोचले त्याच्या पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर 2017 मध्ये, चर्चच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने कॅम्पसवर कॅफिनवाला कोक विकायला सुरुवात केली आणि अख्ख्या यूटात बातमी तीच! मी नवीन होते. मला कळेना की कोक विकतात ही बातमी कशी काय होऊ शकते.

आणि यूटातली सोडा दुकानं! स्विग नावाच्या दुकानाने 2010 मध्ये सेंट जॉर्ज शहरातून सुरुवात केली, मग तशी दुकानं गल्लोगल्ली झाली. गाडीतूनच ऑर्डर द्यायची, डॉ. पेपर किंवा डाएट कोकमध्ये नारळाचं सिरप, क्रीम, लिंबू, असं काहीही. त्याला म्हणतात ‘डर्टी सोडा’. ग्लास केवढा? सगळ्यात मोठा 44 औंस, म्हणजे 1.3 लिटर. आता हिशेब करा. साध्या फिल्टर कॉफीच्या 240 मिलिलिटर कपात सुमारे 95 मिलिग्रॅम कॅफिन असतं. डाएट कोकच्या 355 मिलिलिटर कॅनमध्ये सुमारे 46. बर्फ वजा जाता लिटरभर डाएट कोक पोटात गेलं तर झाले 130 च्या आसपास. म्हणजे कॉफीच्या कपापेक्षा जास्त कॅफिन पिऊनही तुम्ही नियमात बसता.

2019 मध्ये चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकाने आणखी खुलासा केला: नावाच्या शेवटी ‘चिनो’ वगैरे असेल तर त्यात बहुधा कॉफी असते, तेव्हा नको. ग्रीन टी नको. आइस्ड टीसुद्धा नको. हर्बल टी चालेल.

हे ऐकून हसू येतं, मान्य. मलाही आलं. पण बाहेरच्या माणसाला कुठलाही धार्मिक नियम असाच दिसतो. एकादशीला शेंगदाणे, साबुदाणा आणि बटाटा चालतो पण वाटाणा का नाही, हे कुणा परक्याला समजावून बघा. अशा नियमाला रसायनशास्त्र लावून अर्थ निघत नाही. त्याचं काम कुंपणाचं असतं. आत कोण, बाहेर कोण.

आणि हे कुंपण कागदावरही आहे. मॉर्मन मंदिर म्हणजे रविवारच्या प्रार्थनेची जागा नव्हे. रविवारी साध्या चर्चमध्ये कुणीही जाऊ शकतं. मंदिर वेगळं. तिथे जायला एक छोटं कार्ड लागतं, ‘टेम्पल रेकमेंड’. मोठ्यांना दर दोन वर्षांनी ते नवं करावं लागतं. त्यासाठी आधी स्थानिक बिशपसमोर आणि मग त्याच्या वरच्या पातळीवर, अशा दोन मुलाखती. प्रश्न ठरलेले. श्रद्धा आहे का, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का, प्रामाणिक आहात का, आणि त्यातच एक: वर्ड ऑफ विज्डम पाळता का? कॉफी पीत असाल तर उत्तर ‘नाही’. कार्ड नाही.

बरं, नाही तर नाही, असं वाटेल. पण श्रद्धाळू मॉर्मनांचं लग्न मंदिरात होतं. त्याला ते ‘सीलिंग’ म्हणतात, नवरा-बायको फक्त मरेपर्यंत नाही तर मरणानंतरही एकत्र. आणि त्या खोलीत कार्डवाल्यांनाच प्रवेश. भाऊ असो, बहीण असो, जन्मदाती आई असो. आता कळलं का, एका कपाची किंमत कशी वाढत जाते?

माझी मैत्रीण सहा भावंडांतली तिसरी. घर इतकं पक्कं की तिथे कोकही नव्हता. 2012 च्या खुलाशानंतरही आई म्हणायची, नियमाचा शब्द बघू नका, भाव बघा. आजीकडे पोस्टम असायचं. हे भाजलेल्या गव्हाचं पेय, 1895 मध्ये सी. डब्ल्यू. पोस्ट याने कॉफीला पर्याय म्हणून काढलेलं. मॉर्मन घरांत ते फार लाडकं. 2007 मध्ये कंपनीने ते बंद केलं तेव्हा आजीने डबे साठवून ठेवले होते म्हणे. (नंतर दुसऱ्यांनी पुन्हा सुरू केलं.)

तिची श्रद्धा का गेली तो आजचा विषय नाही. ती तिची गोष्ट आहे, आणि इतिहास वाचता वाचता हळूहळू झालेली आहे. मला थक्क करणारी गोष्ट वेगळी. ती मनाने चर्चमधून बाहेर पडली, रविवारी जाणं बंद केलं, बिशपला सांगितलं, आणि त्यानंतर चौदा महिने तिने कॉफीला हात लावला नाही. वाइनचा घोट घेऊन झाला होता. रविवारी दुकानात जाऊन खरेदी केली होती. कॉफी नाही. मी विचारलं तर म्हणाली, “बाकी सगळं मी मोडलं नाही, नुसतं थांबवलं. कॉफी पिणं म्हणजे मी काहीतरी करणार. आणि ती माझ्या तोंडाला येईल. आई जवळ आली की तिला कळेल.”

हे वाक्य मी अजून विसरले नाही. विश्वास डोक्यातून गेलेला असतो, पण हात, नाक, घसा यांना तो निरोप पोचलेला नसतो. लहानपणापासून एखादा वास ‘आपला नाही’ म्हणून शिकवला की तो वास आला तरी माणूस आपोआप एक पाऊल मागे जातो. ज्यांच्या घरी कधी अंडं शिजलं नाही आणि जे हॉस्टेलवर पहिल्यांदा ऑम्लेट खायला बसले, त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल.

मग एका शनिवारी सकाळी आम्ही गेलो. माझ्या आवडीच्या छोट्या कॅफेत, तिच्या घरापासून मुद्दाम लांब. पहिली अडचण मला सुचलीच नव्हती: तिला ऑर्डर देता येईना. सव्वीस वर्षांची, पीएचडी करणारी, यूटातच जन्मलेली मुलगी, आणि लाटे म्हणजे काय, अमेरिकानो म्हणजे काय, रोस्ट कसला विचारतात, काहीच माहीत नाही. पाठीमागे रांग. ती लाल झाली. आपल्याच गावात आपण परदेशी, असं तिला वाटलं. मी परदेशातून आलेली, आणि मी तिला मेन्यू समजावतेय! एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेला थोडासा दाट अर्क. त्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो, वाफवलेलं दूध घातलं की लाटे, दूध कमी आणि फेस जास्त की कापुचिनो. झालं. एवढंच असतं. बाकी सगळी नावं सिरपची.

तिने लाटे घेतली. वास घेतला, डोळे मिटले, म्हणाली काय सुंदर आहे. मग घोट. आणि चेहरा असा की जणू कुणी कडुलिंबाचा रस दिलाय. “याच्यासाठी लोक इतकं करतात?”

हे का होतं ते ऐका, कारण पहिल्या कॉफीला जवळपास सगळ्यांचंच हे होतं. भाजलेल्या कॉफीत शेकडो सुगंधी घटक असतात, ते नाकाला कळतात. जीभ मात्र कडूपणा पकडते आणि कडू म्हणजे कदाचित विष, हा आपल्या शरीराचा फार जुना अंदाज आहे. कडू चव ओळखणारे ग्राहक आपल्या जिभेवर भरपूर आहेत. गंमत म्हणजे कॉफीचा कडूपणा कॅफिनमुळे फारसा नसतो. बी भाजताना त्यातली आम्लं मोडून जे घटक तयार होतात, त्यांचा तो मुख्यतः असतो. म्हणून डिकॅफही कडूच लागते. मग आपल्याला ती आवडायला कशी लागते? पुन्हा पुन्हा पिऊन, दूध-साखरेच्या मदतीने आणि प्यायल्यावर बरं वाटतं हे मेंदू शिकतो म्हणून. कारल्यासारखंच. पण आपल्याला हे शिकायला शाळा-कॉलेजची सगळी वर्षं मिळतात. तिला एका शनिवारी सगळं करायचं होतं.

खरा प्रसंग पुढे आला, साधारण पाऊण तासाने. आम्ही चालत होतो. ती एकदम थांबली. छाती धडधडतेय म्हणाली. हात थंड. तोंडाला कोरड. आणि मग हळूच, “मला वाटतं, तो गेला.” मला आधी कळेचना कोण गेला.

इथे जरा नीट ऐका. मॉर्मन मुलांना लहानपणापासून शिकवतात की पवित्र आत्मा तुमच्याशी छातीतल्या भावनेतून बोलतो. ऊब वाटली, शांत वाटलं तर तो जवळ आहे. अस्वस्थ वाटलं, अंधारून आल्यासारखं झालं तर तो दूर गेलाय. हे त्यांच्यासाठी कवितेतलं वर्णन नाही, रोजचं मोजमाप आहे. कॉलेज कुठलं घ्यावं, लग्न कुणाशी करावं, हे याच मापाने ठरवतात. आता असं माप घेऊन वाढलेल्या माणसाला कोरी करकरीत कॅफिनची मात्रा द्या. काय होणार?

कॅफिन काय करतं ते सांगते. दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. तो ठरावीक जागांवर जाऊन बसला की आपल्याला झोप, थकवा जाणवतो. कॅफिन दिसायला त्याच्यासारखं, म्हणून ते आधीच जाऊन त्या जागा अडवतं. लोकलमध्ये खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकतात तसं. ॲडिनोसिन उभंच राहतं, थकवा कळत नाही. शिवाय ॲड्रेनालिन थोडं वाढतं. धडधड, थरथर, गार तळवे. रोज पिणाऱ्याच्या मेंदूने नव्या सीटा बसवून घेतलेल्या असतात, म्हणून त्याला काही वाटत नाही. पहिल्यांदा पिणाऱ्याला सगळं एकदम. रक्तातलं कॅफिन साधारण पाऊण तासात सर्वात वर जातं. तिने घड्याळ बघितलं असतं तर पवित्र आत्मा बरोबर वेळेवर निघाला होता.

म्हणजे अपराधीपणाची धडधड आणि कॅफिनची धडधड शरीरात हुबेहूब सारखी वाटते. मी तिला हे सगळं फुटपाथवर बसून सांगितलं, पाणी दिलं, पिशवीत होते ते शेंगदाण्याचे लाडू दिले. ती रडली आणि मग हसली. म्हणाली, “म्हणजे ज्याला मी वीस वर्षं देवाचा आवाज म्हणत होते, तो माझा रक्तदाबही असू शकतो?” मी यावर काही बोलले नाही. माझं बोलायचं कामच नव्हतं ते. चर्च सोडलेल्या अनेकांना पहिल्या कपानंतर हे असं का होतं, ते मात्र मला त्या दिवशी समजलं. त्यातले काही जण या धडधडीला घाबरून परतही जातात. काही जण उगाच हट्टाने दुसरा कप मागवतात आणि रात्रभर छताकडे बघत बसतात.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी, कुठल्याही कारणाने, मोठेपणी पहिल्यांदा कॉफी पिणार असेल तर या गोष्टी त्याला आधीच सांगा. अर्धा कप पुरे, आणि तोही दुधाचा. रिकाम्या पोटी नको. दुपारी बाराच्या आत, कारण निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तातलं कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे चार वाजता प्यायलात तर रात्री नऊलाही निम्मं तिथेच असतं. आणि हो, लाजू नका, पण काही जणांची आतडी कॉफीने काही मिनिटांतच जागी होतात. पहिला कप बाहेर पिणार असाल तर जवळपास टॉयलेट असलेलं बरं. हे तिला सांगितलं नव्हतं कुणी आणि त्याचंही पाप-पुण्याशी काही देणंघेणं नाही! ज्यांना हृदयाचा किंवा चिंतेचा त्रास आहे किंवा जे औषधं घेतात, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

लग्नाचं राहिलंच. 2018 च्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, मंदिरात. माझी मैत्रीण बाहेरच्या बागेत थांबली, भावाच्या दोन वर्षांच्या मुलाला सांभाळत. नियम तिला लहानपणापासून माहीत होता, तेव्हा आश्चर्य वाटायचं काही नव्हतं. नवरा-नवरी बाहेर आल्यावर फोटो झाले, त्यात ती आहे. छान निळा ड्रेस आहे. फोटो बघून काही कळत नाही. पुढच्या वर्षी, मे 2019 मध्ये, चर्चने एक बदल केला. आधी अमेरिकेत साधं कायदेशीर लग्न केलं तर मंदिरातल्या सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागायचं, म्हणून बहुतेक जण थेट मंदिरच निवडायचे. ती वर्षभराची अट काढली. आता सगळ्यांसमोर लग्न करून मग मंदिरात जाता येतं. बातमी आली तेव्हा मी सामान बांधत होते. तिने फक्त लिंक पाठवली, वर-खाली एक शब्द नाही.

आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही. इस्कॉनमध्ये दीक्षा घेतलेली माणसं चहा-कॉफी घेत नाहीत. नशेपासून दूर राहण्याच्या त्यांच्या नियमात तेही येतं. माळकरी घरातला मुलगा पुण्यात येऊन चिकन खायला लागला तर त्याला चिकनचं काही वाटत नाही. माळ काढून ठेवायची की गळ्यात तशीच राहू द्यायची, तिथे तो अडतो. आणि गंमत बघा, मॉर्मन चर्चने 2018 मध्ये भारतातलं आपलं पहिलं मंदिर जाहीर केलं ते कुठे? बंगळूरूला. सकाळी स्टीलच्या वाटीत टंबलर घेऊन फिल्टर कॉफी पिणाऱ्या शहरात. तिथल्या मॉर्मन कुटुंबांचं पाहुण्यांकडे काय होत असेल, याचा विचार मी बरेचदा करते. अमेरिकेत कॉफीला नाही म्हटलं तर समोरचा खांदे उडवतो. आपल्याकडे यजमानीण विचारते, तब्येत बरी नाही का?

तिच्या स्वयंपाकघरात आता फ्रेंच प्रेस आहे. सुरुवातीला आई येणार असली की ते फ्रीजवरच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांमागे जायचं. भिंतीला लागलेला वास मात्र जात नाही हो कुठे. एकदा आई न कळवता आली. टेबलावर अर्धा कप तसाच. दोघींनी तो बघितला. दोघीही हवामानावर बोलल्या. जायच्या आधी आईने तो कप उचलला, सिंकमध्ये ओतला, धुऊन जाळीत पालथा घातला आणि दारात विचारलं, “रात्री झोप लागते ना गं तुला?”

हा टोमणा होता की काळजी, यावर आम्ही दोघींनी फोनवर किमान चार वेळा चर्चा केली आहे. तिचं मत दर वेळी बदलतं. माझं नाही. मला काळजीच वाटते, आणि ती आई मला आवडते. ती अजून दर आठवड्याला मंदिरात जाते, कॉफी पीत नाही, पिणारही नाही, आणि तिच्या त्या न पिण्यात तिची आई, आजी, बैलगाडीतून आलेले पूर्वज सगळे आहेत. त्याला नुसतं ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. तसंच, चर्च सोडलं म्हणून कॉफी आवडलीच पाहिजे, हीसुद्धा एक नवी सक्ती झाली. बाहेर पडलेले कितीतरी जण दोन-चार वेळा पिऊन बघतात, आवडत नाही आणि परत हॉट चॉकलेटवर येतात. त्यांना मित्रमंडळी चिडवतात, अजून सुटला नाहीस वाटतं म्हणून. कशाला?

शेवटचं. चहा. तो पण बंदीतच ना. मी तिथे होते ती दोन वर्षं ती माझ्या खोलीवर आली की मी तिला वेलची घालून गरम दूध द्यायचे, माझा चहा बाजूला. कॉफीनंतरही चहाला वर्ष लागलं तिला. मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिने माझ्यासमोर पहिल्यांदा केला. आलं किसलं नाही, सुरीने कापलं, पाणी उकळायच्या आधीच पावडर टाकली आणि दूध इतकं ओतलं की रंगच येईना. मी इकडून ओरडतेय, अगं उकळू दे, अजून उकळू दे! ती म्हणाली, किती वेळ?

वर येईपर्यंत, आणि मग गॅस बारीक करून पुन्हा एकदा वर येईपर्यंत. चला, भेटू पुढच्या भागात.